भैरवीनंतरचे पस्तीस मैल

नीला, शेखर,

बाबांनी रात्रभर मोटार चालवून तुम्हाला स्कॉटलंडला नेलं आणि झोप येऊ नये म्हणून वाटभर मोटारीतला रेडिओ लावून ठेवला, हे तुमच्या पत्रातून कळलं. शेवटी शेखरनं विचारलं आहे, "आजी, तुमच्याकडे असं काही असतं का?"

असतं. आम्ही तर एकदा रेडिओऐवजी खुद्द गवईच मोटारीत बसवला होता. त्या प्रवासाला आता बारा वर्षं झाली. तो नीट पार पडला नसता तर तुम्ही आज इंग्लंडात नसता, म्हणून सविस्तर लिहिते. अक्षर लागलं नाही तर आईला विचारा. ती त्या मोटारीतच होती.

अमरावती

तुमचे बाबा डॉक्टरीचं पुढचं शिक्षण घ्यायला वर्षभर आधीच विलायतेला गेले होते. आता सुधानं, म्हणजे तुमच्या आईनं, जायचं होतं. जहाज मुंबईहून शुक्रवारी निघणार होतं. त्यासाठी गुरुवारी सकाळची मुंबईची गाडी धरायची होती. ही गाडी नागपूरहून येते आणि आमच्या घरापासून सहा मैलांवर, बडनेऱ्याला थांबते. कोणताही शहाणा माणूस तिथंच बसला असता.

पण अकोल्याहून तुमच्या दुसऱ्या आजीचा, माझ्या विहीणबाईंचा, निरोप आला की सून परदेशी जाते आहे तर ती सासरच्या उंबऱ्यातून निघेल, ओटी भरून. हेही ठीक होतं. मग अचलपूरहून आत्याबाईंचा निरोप आला. या आजोबांच्या आत्या, त्यांनीच आजोबांना लहानाचं मोठं केलं. त्यांचं म्हणणं असं की पोरीची ओटी आधी आपण भरल्याशिवाय ती समुद्र ओलांडणार नाही, आणि पंचांगात चांगली वेळ फक्त बुधवारी संध्याकाळी आहे.

म्हणजे मुंबईला जाण्यासाठी आधी तीस मैल उलट्या दिशेला अचलपूर गाठायचं, आणि तिथून रात्रीतून सत्तर मैल खाली अकोल्याला यायचं. रात्रीतूनच, कारण मे महिना होता आणि उन्हात आमच्या मोटारीचं पाणी दर आठ मैलांना उकळायचं. मी नकाशा काढून आजोबांसमोर ठेवला. ते म्हणाले, "नकाशात आत्या दाखवलेल्या नसतात."

गाडी चुकली तर जहाज चुकणार होतं, आणि पुढच्या जहाजात जागा कधी मिळेल हे कंपनीचा माणूस सांगायला तयार नव्हता. अकोल्याला मात्र उत्तर तयार होतं. विहीणबाईंनी पत्रात लिहिलं होतं, "चुकलंच जहाज तर देवाची तशी इच्छा समजू. सुधा दोन वर्षं इथंच राहील. मलाही हाताशी कोणी नाही." देवाच्या इच्छेत त्यांची स्वतःची किती मिसळली होती, ते मी लिहीत नाही. तुम्हाला आज्या दोन आहेत आणि दोघींचा मान ठेवायचा आहे.

ड्रायव्हर मिळत होता. आजोबा म्हणाले, "माझ्या मुलीला मीच पोचवणार." बोलण्यात बापाची माया होती आणि डोक्यात थोडा गर्व. अडचण एवढीच, की जेवणानंतर तुमच्या आजोबांना कुठंही झोप लागते. कोर्टात समोरच्या वकिलाचं भाषण चालू असताना ते उघड्या डोळ्यांनी झोपत, आणि त्याचं बोलणं संपलं की नेमके जागे होऊन हरकत घेत. अशिलांना हे मोठं कसब वाटे. मोटारीत मात्र हरकत घ्यायला वेळ मिळत नाही.

यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला, संगीत. पंजाबी ट्रकवाले रात्रभर गात जातात, म्हणून त्यांना अपघात होत नाहीत, असं त्यांचं मत होतं. ट्रकवाल्यांना अपघात होत नाहीत हे कोणी सांगितलं, असं मी विचारलं. त्यावर ते फोनो शोधायला माळ्यावर चढले.

चावीचा फोनो माझ्या मांडीवर ठेवून आम्ही बुधवारी दुपारी चारला निघालो. वलगाव सोडलं आणि पहिला खड्डा आला. सुई तबकडीच्या या टोकाहून त्या टोकाला गेली. गाणारीनं नुकतं तोंड उघडलं होतं, ती एकदम शेवटच्या तानेत सापडली. दुसऱ्या खड्ड्याला ती पुन्हा सुरुवातीला आली. तीस मैलांत तीन तबकड्यांवर नांगर फिरला आणि चौथीचे दोन तुकडे झाले. सुधा मागे तोंडाला पदर लावून हसत होती. आजोबा गंभीरपणे म्हणाले, "यंत्र काही खरं नाही. माणूस पाहिजे."

अचलपूर

आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. मी पुण्याची, त्यामुळे इकडची भाषा मला पहिली काही वर्षं भांडणासारखी वाटे. नंतर कळलं, भांडताना ती आणखी वेगळी असते.

"काहून वं सुधे, इतकी वाळली? तिकडं गोरे लोक काय खाऊन रायले ते त्याइले ठाऊक. आज पोटभर जेव."

पोटभर म्हणजे काय, हे तुम्हाला तिथं कळणार नाही. आमरसाची पातेली, त्यात सरगुंडे, म्हणजे काडीवर गुंडाळून उन्हात वाळवलेल्या गव्हाच्या नळ्या. वर बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात, गोळाभातावर फोडणीचं कढत तेल, आणि तेलावर आत्याबाईंची नजर. मी आजोबांना खुणेनं सांगत होते की तिसरी वाटी नको. आत्याबाईंनी खूण पाहिली आणि चौथी वाढली. आपल्याकडे आग्रह करतात तो पाहुण्याला झोप यावी म्हणूनच, असं मला कधीपासून वाटतं. झोपलेला पाहुणा निघून जात नाही.

माझ्या वेळापत्रकात निघायची वेळ साडेनऊ होती. ओटी भरून, सुपारी सापडून, सापडलेली सुपारी फुटकी निघून, दुसरी आणवून साडेअकरा झाले.

निघताना आत्याबाईंनी एक गृहस्थ पुढे केले. त्यांचे चुलतदीर, वामनराव. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण ते गाणं शिकवत. त्यांना अकोल्याला जायचं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "तुमाले गानं पायजे, याले गाडी पायजे. कोनाचा पैसा नाई लागत."

मास्तरांनी शाल घेतली, खिशातलं घड्याळ पाहिलं आणि आजोबांच्या शेजारी बसले. मी आणि सुधा मागे, ट्रंका आमच्या पायांखाली.

अंजनगाव, दर्यापूर

मास्तरांचं गाणं चांगलं होतं, हे आधी मान्य करते. तेच तर संकट होतं.

त्यांनी घड्याळ पुन्हा पाहिलं. "आत्ता बागेश्री." आणि आलाप सुरू केला. तो इतका संथ होता की दोन स्वरांच्या मध्ये रस्त्यातलं एखादं गाव निघून जाई. अंजनगावचे पानमळे आले, त्यांची ओली गार हवा मोटारीत शिरली, आणि आजोबांची मान गाण्याला दाद दिल्यासारखी डोलली. मी मागून त्यांच्या खांद्याला चिमटा काढला. ती दाद नव्हती.

"मास्तर," आजोबा म्हणाले, "जरा जलद काही होऊ द्या की. द्रुत."

"विलंबित झाल्याशिवाय द्रुत? तुम्ही जेवायच्या आधी आचवता का, वकीलसाहेब?"

बारा वाजून गेल्यावर त्यांनी राग बदलला. आता दरबारी. सुधानं विचारलं, "मास्तर, सकाळचं एखादं गायलात तर? ते जरा तरतरीत असतं." मास्तर मागे वळून म्हणाले, "सकाळचं सकाळी, बेटा. रात्री बाराला सूर्य काढायला सांगू नये." रात्रीच्या रागांमधली ही सगळी शांतता आपल्या पूर्वजांनी माणसं झोपावीत म्हणूनच रचली असणार. त्यांच्यापुढे मोटार नव्हती. बैलगाडी होती, आणि तिच्यात झोपलं तरी चालतं.

दर्यापूरपर्यंत मी आजोबांना अकरा चिमटे काढले. पुढे पूर्णा नदीच्या कोरड्या पात्रात मोटार उतरली तेव्हा दगडांनी जोरदार गचका बसला. आजोबा खडबडून जागे झाले. आपण झोपलो होतो हे मास्तरांना कळू नये, म्हणून मैफलीत बसलेला कोणताही सभ्य माणूस शेवटी जे म्हणतो ते त्यांनी म्हटलं.

"वा, मास्तर. आता एक भैरवी होऊ द्या."

मास्तर मधेच थांबले. तुम्हाला इथं थोडं सांगायला हवं. भैरवी तशी सकाळची, पण मैफलीचा शेवट कोणत्याही वेळी तिनंच होतो. ती झाली की गवई पुन्हा तोंड उघडत नाही. ऐकणाऱ्यानं भैरवी मागणं म्हणजे यजमानानं पाहुण्याच्या हातावर विड्याचं पान ठेवण्यासारखं आहे.

"असं," मास्तर म्हणाले. "तुमची मर्जी."

आणि त्यांनी भैरवी गायली. दहा मिनिटं, अपमान झालेल्या माणसाच्या गळ्यातून. तिच्याइतकं सुंदर त्या रात्री दुसरं काही झालं नाही. मग शाल लपेटली आणि हात जोडले. अकोला पस्तीस मैल होतं.

"मास्तर," मी म्हटलं, "मैफल संपली असेल, रस्ता संपलेला नाही. हिची गाडी चुकेल."

"ते वकीलसाहेबांनी फर्माइश करण्याआधी पाहायचं. माझ्या गुरूंनी भैरवीनंतर राजासाठीसुद्धा तोंड उघडलं नाही."

"राजा मोटार चालवत नव्हता," सुधा म्हणाली. पण मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले होते.

मूर्तिजापूरच्या अलीकडे

पुढच्या चार मैलांत मी आजोबांना पाढे विचारले, नंतर कायद्याची कलमं. कलमांना ते जास्त लवकर झोपले. नेमक्या त्या वेळी मीही डोळे मिटले होते, हे प्रामाणिकपणे सांगते. जाग आली ती मोटार एका बाजूला कलंडून थांबली तेव्हा. रस्ता डावीकडे वळला होता आणि आम्ही सरळ गेलो होतो, नांगरलेल्या वावरात. कोणाला लागलं नव्हतं. पुढची दोन्ही चाकं काळ्या ढेकळांत आसापर्यंत रुतली होती.

सुधा खाली उतरली आणि हातातल्या घड्याळाकडे पाहत उभी राहिली. अडीच वाजले होते. आजोबांना ते कोणत्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं. ते अंधारात एकटेच मोटार ढकलू लागले.

पाऊण तासानं घुंगरांचा आवाज आला. कडब्याच्या सहा गाड्या मूर्तिजापूरच्या बाजाराला चालल्या होत्या. पाच गाड्यांवर गाडीवान कडब्यात गाढ झोपलेले. पहिल्या गाडीवरचा तेवढा जागा होता आणि मोठ्यानं काहीतरी गात होता. त्याच्या गळ्यात आणि सुतारकामात फारसा फरक नव्हता. त्याचं नाव संपत, हे मागून कळलं.

त्यानं कंदील वर केला. "काहून हो साहेब, या वक्ताले वावर नांगरून रायले काय?"

आजोबांनी सांगितलं की डोळा लागला.

"आमचाई लागते. बैल जागे रायतात. तुमच्या गाडीत कोन जागं रायते?" मग त्याचा कंदील मास्तरांवर गेला. "अन् हे कोन?"

"गवई आहेत," मी म्हटलं.

"मंग गात काहून नाई?"

"त्यांची भैरवी झाली."

संपतनं समजल्यासारखी मान हलवली. "हां. म्हंजे दुकान बंद."

मास्तरांनी शाल आणखी घट्ट केली.

बैलांच्या दोन जोड्या सोडून, दोर लावून मोटार बाहेर काढेपर्यंत चार वाजले. मी संपतला विचारलं, "तू गातोस ते बैलांना आवडतं का रे?"

"छ्या. मी गायलो का तो पाय उचलते. घर लवकर आलं का मी चूप बसतो, हे त्याले ठाऊक हाये." दोर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "बाई, तुमीच म्हना काई. गळा कसाई असू द्या. गोड गान्यानं झोपच येते."

मूर्तिजापूर ते अकोला

आता माझ्या गळ्याविषयी. मला शब्द सगळ्याचे येतात आणि चाल कशाचीच येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या मंगळागौरीला मी गायले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शिकलेली आहे ना, राहू दे." त्यानंतर पंचवीस वर्षं मी देवापुढेही मनातल्या मनात म्हणत असे.

मूर्तिजापूर स्टेशनाबाहेर आम्ही मिरचीची भजी आणि कढत चहा घेतला. मोटार सुरू झाली, आणि दोन मैलांत आजोबांची मान पुन्हा खाली जाऊ लागली. मी घसा साफ केला आणि बारशाचा पाळणा सुरू केला.

आजोबा ताठ बसले. मास्तरांच्या पाठीतून शहारा गेलेला मला मागून दिसला. दुसऱ्या कडव्याला त्यांनी कानांवर हात ठेवले. मी भुलाबाईच्या गाण्याकडे वळले, मग आरती, मग मिशनच्या शाळेत मडमेनं शिकवलेली इंग्रजी प्रार्थना. सगळं जवळपास एकाच चालीत, आणि ती चालही कुठली नव्हती.

"वहिनी," मास्तर शेवटी कळवळून म्हणाले, "षड्ज धरा हो. निदान षड्ज."

"तो कुठं असतो?"

"सा," मास्तरांनी सूर लावला.

"सा," मी लावला.

"अहो, तो नव्हे. तो कोणीच नव्हे. सा."

"मास्तर," आजोबा म्हणाले, "भैरवीनंतर गाताय तुम्ही."

"हे गाणं नाही, वकीलसाहेब. ही दुरुस्ती आहे."

मग अकोल्यापर्यंत दुरुस्ती चालली. मी आरतीचं एक कडवं म्हणे, मास्तर ते ओरडून सरळ करत, मी ते पुन्हा वाकडं करी. आजोबा इतके हसत होते की चाक हलायला लागलं, आणि मला त्यांना उलट गप्प बसा म्हणावं लागलं. मागे सुधाही हसत होती. नंतर तिच्या हसण्याचा आवाज बदलला, तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं नाही आणि आवाज जरा चढवला. बोरगावच्या पुढे उजाडलं. मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि हताशपणे म्हणाले, "आता खरी भैरवीची वेळ झाली. आणि मी काय करतोय."

अकोला

सव्वासहाला आम्ही विहीणबाईंच्या दारात होतो. गाडी सातची. त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, आता काही येत नाही. मी तर सुधाची खाटसुद्धा टाकून ठेवली होती." परसात खाट टाकलेली होती हे खरं. तिच्याजवळ निवडायची मेथीची जुडीही होती.

ओटी भरायला घेतली तर नारळ मिळेना. विहीणबाई या फडताळातून त्या फडताळात शोधू लागल्या, घाई न करता. मी पिशवी उघडली. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं मी अमरावतीहून बांधून आणलं होतं. सुपारी आधीच पाहून घेतलेली. विहीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं सगळं वेळच्या वेळी असतं." ती स्तुती नव्हती, पण मी तशीच घेतली.

स्टेशनवर पोचलो तेव्हा सातला पाच मिनिटं कमी होती. गाडी पाऊण तास उशिरा होती.

आजोबा बाकावर बसले. ट्रंका मोजल्या, तिकीट दोनदा पाहिलं, सुधाला जहाजावर काय काय जपायचं ते सांगू लागले, आणि एका वाक्याच्या मध्येच झोपले. या वेळी डोळे मिटून.

गाडी आली. मी त्यांच्या खांद्याकडे हात नेला. चिमटे काढायचा मला रात्रभर सराव झाला होता. सुधानं माझा हात धरला. "नको आई. झोपू दे त्यांना." ती वाकली, त्यांच्या पायांना लागेल न लागेल असा हात लावला, आणि ऊन तोंडावर येत होतं म्हणून आपला रुमाल त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. मग डब्यात चढली. गाडीच्या शिट्टीनं अख्खा फलाट हलला. ते हलले नाहीत.

"गाडी आली का?" असं त्यांनी आठ वाजता विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

त्यांनी डोळ्यांवरचा रुमाल काढून त्याची घडी केली. मग म्हणाले, "रडली का ती?"

"नाही."

परतताना मास्तर अकोल्यालाच राहिले होते, त्यामुळे मी पुढे बसले. मूर्तिजापूर गेलं आणि आजोबा म्हणाले, "तो पाळणा पुन्हा म्हण."

"झोप येतेय का?"

"नाही."

मी म्हटला. मोटारीचं पाणी तीनदा उकळलं तेवढाच खंड पडला. बडनेऱ्याजवळ ते म्हणाले, "मला वाटतं, मी हात हलवला होता. अर्धवट जागा होतो." मी पाळणा चालू ठेवला. महिनाभरात ते गाडीबरोबर चार पावलं चालले होते. हल्ली फलाटाच्या टोकापर्यंत धावतात. तुमच्या आईला त्यांनी पत्रातूनही तसं लिहिलं, आणि तिनं उलट टपाली कळवलं की हो, मी पाहिलं बाबा, तुम्ही धाप लागेपर्यंत धावत होता.

हे पत्र टाकण्याआधी ते वाचायला मागतील. मी त्यांना मूर्तिजापूरपर्यंतचीच पानं देणार आहे.

रुमाल त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. सुधा खिडकीतून हलवत होती, वाऱ्यानं उडाला आणि आपण तो धावत जाऊन पकडला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पुढच्या वर्षी तुम्ही इथं आलात की तुम्हालाही खण उघडून दाखवतील. तेव्हा हसू नका. किती लांब धावलात, एवढं मात्र नक्की विचारा.

तुमची,
अमरावतीची आजी